टिकली हिरवी आहे

टिकली आमच्या गावात आली, त्याच्या पहिल्याच आठवड्यात निम्म्या बायका मेल्या. म्हणजे यंत्राच्या हिशेबाने. सकाळी बंब पेटायच्या वेळेला तालुक्याच्या कंट्रोल रूममध्ये एकेक ठिपका लाल व्हायला लागला: नाडी नाही, अंग गार, घाम नाही. तिकडून माझा मोबाइल कोकलायला लागला, आरोग्य केंद्रातून गाडी निघाली, खालच्या वाडीत सायरन वाजला आणि सुनंदावहिनी ओल्या केसांना पंचा गुंडाळून दारात आल्या, कोण गेलं ते बघायला. त्याच गेल्या होत्या.

मी छाया लोहार, पायरवाडीची आशा सेविका. धरणाच्या पाण्याच्या वर, डोंगराच्या अंगाला आमच्या तीन वाड्या आहेत, खालची, मधली आणि वरची. त्या तिन्ही वाड्यांत कुणाचं पोट दुखतंय आणि कुणाचं डोकं फिरलंय हे मला ठाऊक असायचं. त्या दिवशी मात्र मीही येड्यासारखी गाडीमागे पळत सुटले. आरोग्य केंद्राच्या डॉक्टर केंजळे मॅडम, वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, थेट सुनंदावहिनींच्या मोरीत शिरल्या. आरशावर चिकटवलेली टिकली त्यांनी बघितली आणि कपाळाला हात लावला. अंघोळीला जाताना बाई टिकली काढून आरशावर लावते, हे ती बनवणाऱ्या पुण्यातल्या एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, माझ्या तरी कुठे आलं, माझ्या आरशावर तर रांग लागलीय.

मग शाळेच्या व्हरांड्यात बायका जमवून त्यांनी सगळं नीट समजावलं. टिकली कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. तिच्यात एक बारीक दिवा असतो, तो कातडीच्या आत उजेड टाकतो आणि परत येणाऱ्या उजेडावरून रक्ताची प्रत्येक लाट मोजतो. दिव्याभोवती टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके असतात, ते घाम चाखतात: मीठ किती, साखर किती, अंग शिणल्यावर घामात उतरतं ते आम्ल किती. बॅटरी घालायची नाही, अंगाच्या उबेवरच चालते, काढल्यावरही घटकाभर. कपाळ निवडलं कारण तिथे कातडी पातळ, खाली लगेच हाड, घाम भरपूर, आणि बायका तिथे काहीतरी लावतातच. पुरुषांनी कानामागे लावायची. प्रत्येक वाडीत एक खांब उभा केला होता. टिकली खांबाशी बोलायची आणि खांब तालुक्याशी.

पण खरी करामत टिकलीत नव्हती, मागच्या गणितात होती. पुस्तकात लिहिलेल्या निरोगी माणसाशी ते गणित तुमची तुलना करत नाही. ते तुमची तुलना तुमच्याशीच करतं. सोपानदादा रोज सरपणाचा भारा घेऊन चढ चढतात, तेव्हा त्यांची नाडी धावते, ती धावणारच. तीच नाडी खाटेवर पडल्या पडल्या धावली तर मात्र घंटा वाजते.

"यंत्राला आजार कळत नाही," मॅडम म्हणाल्या. "त्याला दोनच गोष्टी कळतात. नेहमीचं, आणि नेहमीचं नाही. जे पुन्हा पुन्हा होतं ते यंत्र तुमचं नेहमीचं म्हणून शिकून घेतं."

त्याप्रमाणे ते बायकांच्या अंघोळी शिकलं आणि सकाळचं मरण थांबलं.

खोटं कशाला बोलू, टिकलीने जीव वाचवले. सुनंदावहिनींची सून बाळंत झाल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी तिच्या अंगात ताप शिरायच्या आधीच तिचा ठिपका पिवळा झाला. मी पोचले तेव्हा ती हसत बाळाला पाजत होती, तिलाही काही जाणवत नव्हतं. गर्भाशयात जंतू पसरायला लागले होते. पूर्वी असती तर आम्हाला कळेपर्यंत उशीर झाला असता, आणि अशा दोघी मी माझ्या डोळ्यांनी गेलेल्या बघितल्यात. त्यामुळे टिकलीला नावं ठेवणाऱ्यांतली मी नव्हे.

फक्त माझं हिंडणं कमी झालं. लाल-पिवळा झाला तर जा, हिरव्या घरी जाऊ नको, असं कुणी तोंडाने म्हणालं नाही. पण हिरव्या घरची भेट कामात धरेनात, आणि मोकळी झालीस तर घे म्हणून शेजारची दोन गावं माझ्या गळ्यात मारली. पूर्वी मी डोस द्यायला म्हणून जायचे आणि परत यायचे तेव्हा कुठली पोरगी जेवत नाही, कुठला म्हातारा सुनेवर रुसलाय, कुणाच्या घरात बाटली परत शिरलीय, सगळं पदरात घेऊन यायचे. आमचं निम्मं काम चौकशीचंच. आता मला सगळ्यांची नाडी ठाऊक होती आणि कुणाच्या घरात काय शिजतंय ते ठाऊक नव्हतं. मला दारं हवी होती, बाकी काही नाही. कुणीतरी "ये गं छाया" म्हणावं, पोतं अंथरावं, आणि मी "नको, घाई आहे" म्हणत बसावं.

आणि माझंच काय घेऊन बसलात, एकमेकांना विचारणंच बंद पडलं. सासू सुनेला विचारेना, नवरा बायकोला विचारेना. काही झालं तर टिकली सांगेलच की. मुंबईच्या पोरांच्या मोबाइलवर आईचा ठिपका हिरवा दिसायचा, मग फोन कशाला करायचा? एकदा माझं डोकं एवढं चढलं की मी भाकरीचं पीठ तसंच परातीत टाकून भिंतीला टेकून बसले. आमचे हे सवाऱ्या नेणारी वडापची जीप लावून आत आले, माझ्याकडे बघितलं, मग मोबाइलकडे बघितलं.

"तुझी टिकली तर हिरवी आहे," ते म्हणाले, आणि हातपाय धुवायला गेले.

मी त्यांना लागेल असं बोलले. पण त्यांना कशामुळे बोलले ते कळलं नाही.

तिन्ही वाड्यांत टिकली न लावणारी एकच बाई राहिली होती, वरच्या वाडीची हौसामावशी पवार. तिचं घर सगळ्यांत शेवटचं, त्याच्या पलीकडे नुसतं रान. नवरा हयातभर मुंबईत माथाडी कामगार, गणपतीला यायचा तेवढाच. तोही जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा पोपट कळंबोलीला. आई टिकली लावत नाही म्हणून पोपटला ठिपका दिसायचा नाही, म्हणून तो रोज दिवे लागताना फोन करायचा: जेवलीस का, गोळी घेतलीस का, चक्कर तर नाही ना आली. आणि टिकली नाही म्हणून दर बुधवारी मला तिच्याकडे जावं लागायचं. जावं लागायचं असं मी वरिष्ठांना सांगायचे. खरं म्हणजे मंगळवारीच माझा जीव वरच्या वाडीत जाऊन बसलेला असायचा.

मी पिशवीतून रक्तदाबाचं यंत्र काढायच्या आधीच मावशी चोळीची बाही वर सारून दंड पुढे करायची. पट्टा आवळायला लागला की डोळे मिटायची. एकदा म्हणाली, अजून जरा आवळू दे की. मी तिला झापलं, की मावशी, यंत्र त्याच्या मनाने आवळतं, माझ्या नाही. ती म्हणाली, माणसानं दंड धरल्यागत वाटतं गं. त्यानंतर मी दर वेळेला दोनदा मोजायला लागले. पहिला आकडा बरोबर वाटत नाही असं म्हणायचे आणि ती हूं म्हणायची.

त्याच यंत्रावर कधीकधी ठोके चुकत असल्याची खूण यायची. केंद्रात नेऊन दोनदा हृदयाचा आलेख काढला, दोन्ही वेळेला चांगला निघाला. मॅडम वैतागल्या. त्यांनी मला समजावलं की हृदयाच्या वरच्या कप्प्यांनी नीट आकुंचन पावायच्या ऐवजी ते नुसते थरथरत असतील, तर तिथे रक्त साचतं आणि त्याची गुठळी होते. ती गुठळी मेंदूकडे गेली की लकवा. रक्त पातळ करायची गोळी दिली तर हे टळतं, पण मावशीच्या पोटात एकदा रक्तस्राव झालेला, त्यामुळे खात्री झाल्याशिवाय ती गोळी देता येत नाही. आणि ही थरथर येते-जाते, वायरमन आला की लाइट नेमकी असते तसं. तिला पकडायचं तर कुणीतरी रात्रंदिवस नाडीवर बसायला हवं.

"म्हणजे टिकली," मी म्हणाले.

"म्हणजे टिकली," मॅडम म्हणाल्या. मग जरा थांबून त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. पायरवाडी पूर्ण झाली की इथल्या घरभेटी बंद होणार आणि मला तालुक्याला कंट्रोल रूममध्ये बसवणार. वरून ठरूनच आलं होतं. अडलं होतं एका मावशीपाशी.

मी टिकलीचं पाकीट घेऊन वर गेले. मावशीने ते हातात घेऊन उलटसुलट केलं आणि परत दिलं. कपाळ पुसलं ते पुसलं, म्हणाली, आता कुणासाठी लावू. मी हे ऐकून घेणार नव्हते. विधवांनी कुंकू लावायचं, बांगड्या भरायच्या असा ठराव आमच्या ग्रामसभेने कधीच केलाय आणि त्या सभेत सगळ्यांत आधी हात वर करणारी हीच बाई. तेही सोड, पुरुषांसारखी कानामागे लाव, मी म्हणाले. तर म्हणे कानामागे खाजतं. न लावताच खाजतं? मी विचारलं. मग ती चुलीशी गेली आणि उगाच लाकडं पुढे-मागे करत बसली.

मी तिला सगळं सांगितलं. थरथर, गुठळी, लकवा. एका अंगाने पडलीस तर कोण उचलेल, हेही सांगितलं. मी चांगलीच चिडले होते. तिने सगळं ऐकलं आणि माझ्याकडे न बघता बोलली.

"पोपट रोज फोन करतोय, कशापायी? त्याला माजं काय दिसत न्हाय म्हनून. तू येतीस, कशापायी? तसंच. एकदा का ती चिकटली की तुमी दोघंबी मोकळी. मग मी कुनाची वाट बघू?"

येईन की मी, असं तोंडापर्यंत आलं होतं. पण तालुका तिकडे खाली, मधे दोन गाड्या बदलायच्या, आणि कंट्रोल रूमला सुट्टी आठवड्यातून एक, ती पण फिरती. हिचा नवरा हयातभर येतो म्हणाला होता. मी पाकीट पिशवीत टाकलं आणि उतरले. वाटेत मला बरं वाटत होतं, की ती नाही म्हणाली. तिचा जीव टांगणीला आणि मला बरं वाटतंय, याची मला लाजही वाटली, पण बरं वाटायचं काही थांबलं नाही.

तीन-चार बुधवार असेच गेले. मग एका बुधवारी मी दारात पोचले तर मावशीने दंड पुढे केला नाही. चहा गाळत होती आणि चहा कपाच्या बाहेर पडत होता, जमिनीवर. तिला दिसत होतं, पण हात वळत नव्हता. मी तिला नाव घेऊन हाक मारली. ती काहीतरी बोलली, त्यातला एक शब्द मला कळला नाही. मी तिला भिंतीला टेकवून बसवलं आणि आमच्या ह्यांना जीप घेऊन यायला फोन लावला. जीप येईपर्यंत सगळं परत जागेवर आलं होतं: हात, जीभ, सगळं. उलट मलाच म्हणाली, येवढं काय झालं रडायला. मी रडतेय हे मला तिच्याकडून कळलं.

मॅडमनी तपासून सांगितलं की ही धोक्याची वर्दी आहे. छोटी गुठळी होती, विरघळली. पुढची विरघळेलच असं नाही.

केंद्राच्या बाकड्यावर मी तिच्याशेजारी बसले. आता मी चिडलेली नव्हते. मी तिला खरं तेच सांगितलं. मावशी, तू टिकली लावलीस की माझं येणं बंद होईल, मी खोटा शब्द देणार नाही. मलाही तू हवी आहेस. दर बुधवारी तुझ्या घरी येणं हे माझं एकच सुख उरलंय, आणि तू पडून राहिलीस तर ते मला नको. तिने बराच वेळ माझा हात हातात धरला.

"तिथं बसून तुला माजी नाडी दिसंल?"

"दिवसभर दिसेल."

"मग लाव," ती म्हणाली. "तुज्यासाठी लावते, माज्यासाठी न्हाय."

मी तिच्या कपाळावर टिकली लावली. मरून रंगाची, बारीकशी. केंद्राच्या काचेच्या दारात तिने स्वतःला बघितलं आणि पदर पुढे ओढून घेतला. तीन दिवसांत टिकलीने थरथर पकडली, मॅडमनी गोळी सुरू केली. पोपटने मला फोन करून आभार मानले. आता मला घोर नाही ताई, म्हणाला. मला माहीत होतं, हे तो आईलाही म्हणाला असणार.

आम्ही तालुक्यालाच खोली करून राहायला लागलो. कंट्रोल रूमला गार हवा, फिरती खुर्ची, समोर भिंतभर पडदा. माझ्या वाट्याला माझीच गावं दिली होती. ठिपका पिवळा झाला की उघडून बघायचा, लागलं तर घरी फोन करायचा, आणि मग दोनापैकी एक बटण दाबायचं: काळजीचं, किंवा नेहमीचं. काळजीचं दाबलं की गाडी निघते. नेहमीचं दाबलं की यंत्र ते शिकून घेतं.

पहिल्याच बुधवारी सकाळी मावशीचा ठिपका पिवळा झाला. नाडी वाढली होती, चढ चढल्यासारखी, मग बराच वेळ तशीच. थरथर नव्हती. मी फोन लावला. कुठे गेली होतीस, विचारलं. कुठं न्हाय, शेळी बघाय, म्हणाली. शेळी तिने दिवाळीतच विकली होती. तिच्या घरामागे एक खडक आहे, त्यावर चढलं की खालची वाट वळणापर्यंत दिसते. मी किती बुधवार तिला तिथे उभी बघितली होती. मी नेहमीचं दाबलं, दुसरं काय दाबणार होते?

पुढच्या बुधवारी परत. त्याच्या पुढच्या बुधवारी परत. मी दाबत राहिले. मग यंत्र शिकलं आणि पिवळं व्हायचं थांबलं. बुधवारी हौसाबाई पवारांचं काळीज सकाळी जोरात चालतं, हे आता तिचं नेहमीचं झालं होतं. मी आपली ठिपका उघडून बघायचे. हिरव्याच्या आत नाडीच्या रेघेची ती टेकडी असायची, मी बघायचे आणि डबा उघडायचे. घास उतरायचा नाही, पण बघितल्याशिवायही राहवायचं नाही. सुट्टी यायची ती सोमवारी नाहीतर शनिवारी, आणि त्या दिवशी घरचं धुणं, दळण, आमच्या ह्यांचं दुखणं. जाईन म्हणता म्हणता पावसाळा सरला.

मग ती टेकडी दर बुधवारी थोडी थोडी बुटकी व्हायला लागली, आणि यंत्र तेही नेहमीचं म्हणून शिकत गेलं. थंडी पडायला लागली त्या सुमाराच्या एका बुधवारी रेघ सरळ आली. सकाळपासून दुपारपर्यंत सरळ. पुढच्या बुधवारीही सरळ. मी सगळे आकडे उघडून बघितले. मीठ ठीक, साखर ठीक, ठोके एका तालात, झोप सुधारलेली. पडद्यावर यंत्राने आपणहून लिहिलं होतं: प्रकृती स्थिर, जोखीम घटली. मॅडमचा फोन आला, बघितलंत का छायाताई, मावशी किती छान झाल्यात. आपल्या केंद्राची सगळ्यांत चांगली केस म्हणून त्या वर पाठवणार होत्या.

"मॅडम, तिनं माझी वाट बघणं सोडलंय," मी म्हणाले.

मग मॅडमनी विचारलं, तुम्हाला हे कशावरून वाटतं. मी त्यांना टेकडीचं सांगितलं. त्यांनी बहुतेक आलेख उघडून बघितला असावा. मग इतकंच म्हणाल्या, यात औषध देण्यासारखं काही नाही हो ताई.

त्याच्या पुढच्या बुधवारी मी खुर्चीवर गेलेच नाही. शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीला सांगितलं माझे ठिपके बघ, आणि एस.टी. धरली, मग वडाप, मग चढ. वळणावर आल्यावर मी वर बघितलं. खडकावर कुणी नव्हतं. नसणार हे ठाऊक होतं तरी बघितलं.

मावशी उंबऱ्याच्या आत सुपात तांदूळ निवडत बसली होती. चांगली दिसत होती, गालावर मांस आलं होतं. मी दारात उभी राहिले तशी तिने मान वर केली. तिचा चेहरा पांढरा पडला. सूप बाजूला ठेवून ती अर्धवट उठली आणि परत खाली बसली.

"काय दावलं गं यंत्रानं?" ती म्हणाली. "काय झालंय मला?"

"काही नाही झालं."

"मग तू कशी आलीस? सांग. मी भीत न्हाय. पोपटला कळीवलंस का?"

मी म्हणाले मावशी, तुझं सगळं छान आहे, मी सहज आले. तिचा विश्वास बसेना. सहज कोन येतंय आता, म्हणाली. गेल्या महिन्यात मधल्या वाडीत गाडी आली ती सोपानदादाला घेऊन गेली, परत आणलंच न्हाय. दारात माणूस आलं म्हणजे काहीतरी लाल झालंय, एवढंच तिला ठाऊक होतं. मी तिच्याजवळ जाऊन बसले, तिचे दोन्ही हात धरले. मला बघून ही बाई मरणाला भ्याली होती, आणि एकेकाळी हीच मला बघून चुलीवर आधण ठेवायची. मी तिला पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिले, की मला करमत नव्हतं म्हणून आले. तिसऱ्या-चौथ्यांदा तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग तिचे डोळे भरून आले आणि तिने माझ्या गालावर एक हलकी चापट मारली.

"येवढे दीस लागत्यात व्हय," ती म्हणाली.

तेवढ्यात माझ्या पिशवीत मोबाइल कोकलला. शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीने ठिपका माझ्याकडे पाठवला होता, गावाच्या सगळ्यांत जवळचं माणूस मीच म्हणून. मी वाचून दाखवला: हौसाबाई पवार, वरची वाडी. नाडी नेहमीपेक्षा जलद. घरभेट द्यावी.

"कुनाला सांगतंय त्ये?" मावशीने विचारलं.

"मला."

ती हसायला लागली. हसता हसता नाडी अजून चढली असणार, मोबाइल परत वाजला. खाली दोन बटणं आली होती, काळजीचं आणि नेहमीचं. मी अंगठा उचलला आणि थांबले. नेहमीचं दाबलं तर यंत्र शिकणार की बुधवारी हिचं काळीज असंच धावतं. एकदा ते पक्कं शिकलं की ज्या बुधवारी काळीज अचानक धावायचं थांबेल, सरळ रेघ येईल, त्या बुधवारी ठिपका पिवळा होईल आणि माझ्या खुर्चीत जो कोणी बसला असेल त्याच्यापुढे बोंबलेल की वरच्या वाडीत काहीतरी बिघडलंय, कुणीतरी जा. पण एका बुधवाराने ते शिकत नाही. पुन्हा पुन्हा व्हावं लागतं. मला यावं लागणार होतं, पुढच्या बुधवारी, त्याच्या पुढच्याही.

मी नेहमीचं दाबलं. मग मॅडमना फोन लावून सांगितलं, बुधवारी मला खुर्चीवर धरू नका, पगारातलं काय कापायचं ते कापा, आणि हे मी विचारत नाहीये. वरच्यांना काय सांगू, त्या म्हणाल्या. सांगा की आशा घरभेटीला गेलीय, मी म्हणाले. त्या म्हणाल्या, बघते, आणि मग, मावशींना माझा नमस्कार सांगा.

मावशी एव्हाना चुलीशी गेली होती. फळीवरचे डबे एकामागून एक उघडून बघत होती, आणि शेवटचा डबा उपडा करून तिने माझ्याकडे तोंड केलं.

"चहाची पूड न्हाय गं घरात. आनायचीच सोडली हुती," ती म्हणाली. "आता बुधवारी येताना घिऊन ये."